पीबी कशामुळे आला? मॅरेथॉनच्या एका वेळेची चिरफाड

मागच्या लेखात पेपरमधला आलेख कसा वाचायचा ते पाहिलं. या वेळी आलेख नाही, एकच आकडा घेऊ: ३:५८:१२. तीन तास, अठ्ठावन्न मिनिटं, बारा सेकंद. ही माझी जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची वेळ. अंतर ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ३९ सेकंद. याआधी दोनदा पूर्ण मॅरेथॉन धावले होते, ४:३१:०५ आणि ४:१९:४०. धावणाऱ्यांच्या भाषेत हा माझा पीबी, म्हणजे पर्सनल बेस्ट. आधीपेक्षा साडेएकवीस मिनिटांनी कमी.

लॅबमधल्या एका ज्युनिअरने लगेच विचारलं, "ताई, प्लॅन पाठव ना. आणि बूट कुठले घेतलेस?" तिला स्वतःला पुढच्या वर्षी धावायचं आहे. प्रश्न साधा दिसतो, पण संशोधनाची तयारी करणाऱ्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटायला हवा, कारण मुलाखतीत समिती नेमकं हेच विचारते: हा परिणाम तुम्ही म्हणता त्याच कारणामुळे आला हे कशावरून? यंदा माझं आठवड्याचं धावणं अठ्ठावीस किलोमीटरवरून शेहेचाळीसवर गेलं होतं. नवे, कार्बन प्लेटचे बूट होते. शर्यतीच्या दिवशी पहाट मागच्या वेळेपेक्षा थंड होती. धावताना दर पस्तीस-चाळीस मिनिटांनी जेल घेतलं. चार तासांच्या पेसरच्या मागे राहिले. पाच गोष्टी बदलल्या, निकाल एक. आणि मी जे उत्तर देईन त्यावर ती मुलगी फेलोशिपमधले पैसे खर्च करणार आहे, शरीरही पणाला लावणार आहे. तेव्हा जरा नीट बघू.

पीबी हा 'किमान' आकडा आहे

आधी सांख्यिकी. समजा एखाद्याची क्षमता अजिबात बदलत नाही. तो दरवर्षी तितकाच तयार असतो, आणि वेळ फक्त योगायोगाने, म्हणजे झोप, वारा, पोट, गर्दी यांमुळे थोडी मागेपुढे होते. तरीही त्याचे पीबी होतच राहतात. कसे? तीन शर्यतींच्या वेळा तीन चिठ्ठ्यांवर लिहा आणि डब्यात हलवा. सर्वांत लहान आकडा शेवटच्या चिठ्ठीवर असण्याची शक्यता किती? एक तृतीयांश. म्हणजे तिसऱ्या शर्यतीत काहीही न सुधारता पीबी येण्याची शक्यता ३३ टक्के! दहाव्या शर्यतीत ती एक दशांश होते. दहा शर्यतींत मिळून पहिली धरून सरासरी पीबी किती, हे १ + १/२ + १/३ असं १/१० पर्यंत बेरीज करून मिळतं. उत्तर येतं २.९३, जवळजवळ तीन. शंभर शर्यती धावलात तर जेमतेम पाच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, 'पीबी आला' एवढ्यावरून 'मी सुधारले' हे सिद्ध होत नाही. किती फरकाने आला आणि नेहमीचा चढउतार किती असतो, ते पाहावं लागतं. दुसरी थोडी बोचरी आहे. पीबीच्या दिवशी बहुधा क्षमता आणि नशीब दोन्ही बाजूने असतात. पुढच्या वेळी क्षमता तीच राहते, पण नशीब सरासरीकडे परततं. म्हणून पीबीनंतरची शर्यत बऱ्याचदा त्याहून हळू जाते आणि लोक म्हणतात, "फॉर्म गेला." फॉर्म कुठेही गेलेला नसतो. रिग्रेशन टू द मीन हा नेटच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेला विषय आहे, पण एकदा समजला की सगळीकडे दिसायला लागतो. चांगल्या पहिल्या प्रयोगानंतर दुसरा 'बिघडतो' तेव्हाही.

माझ्या बाबतीत साडेएकवीस मिनिटांचा फरक निव्वळ योगायोगावर घालता येणार नाही, असं मला वाटतं. मग खरं कारण कोणतं?

टाकी, इंजिन आणि ॲव्हरेज

मॅरेथॉनची वेळ शरीरात कशावर ठरते याचं सर्वांत नेटकं उत्तर मायकेल जॉयनर यांनी १९९१ मध्ये दिलं. त्यांनी तीन राशी घेतल्या. पहिली व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं. हे इंजिनाचं माप. दुसरी लॅक्टेट थ्रेशोल्ड, म्हणजे त्या कमाल क्षमतेच्या किती टक्क्यांवर तुम्ही बराच वेळ टिकू शकता. तिसरी रनिंग इकॉनॉमी, म्हणजे ठरावीक वेगाला किती ऑक्सिजन लागतो. आपण गाडीबद्दल विचारतो ना, "ॲव्हरेज किती देते?", तेच. तिन्हींच्या उत्तम ज्ञात किमती एकाच माणसात आल्या तर वेळ किती येईल याचं गणित त्यांनी मांडलं. उत्तर आलं १:५७:५८. तेव्हा जगातली सर्वोत्तम वेळ होती २:०६:५०, त्यामुळे हा आकडा स्वप्नरंजन वाटावा असाच होता. २०१९ मध्ये व्हिएन्नात एलिअड किपचोगे १:५९:४० मध्ये धावला. पेसरच्या आळीपाळीने येणाऱ्या तुकड्या वगैरे खास सोयींमुळे तो विक्रम धरला गेला नाही. २०२३ मध्ये शिकागोला केल्विन किप्टमने रीतसर शर्यतीत २:००:३५ नोंदवली.

मला या पेपरमधलं काय आवडतं सांगू? त्यात नवा प्रयोग नाही. आधीच छापून आलेल्या मोजमापांवर उभं केलेलं एक सरळ मॉडेल आहे, आणि ते खोटं ठरू शकेल असा स्पष्ट आकडा देतं. 'साहित्याचा आढावा' म्हणजे दहा पेपरांचे सारांश एकाखाली एक, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी तो जरूर वाचावा.

पण जॉयनरच्या मॉडेलमध्ये इंजिन आणि ॲव्हरेज आहे, टाकी नाही. आणि माझ्यासारख्यांची गाडी बंद पडते ती टाकीमुळे.

धावण्याला ढोबळमानाने दर किलो वजनामागे, दर किलोमीटरला एक किलोकॅलरी लागते. ५५ किलोच्या व्यक्तीला ४२.१९५ किलोमीटरसाठी साधारण २३२०. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेन असतं चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. चरबीत तर वीसएक मॅरेथॉन पुरतील इतकी ऊर्जा पडून असते, पण ती हळू मिळते. वेग वाढवला की शरीर कर्बोदकांचा वाटा वाढवतं. शिवाय स्नायूतलं ग्लायकोजेन त्याच स्नायूला वापरता येतं, कारण ग्लुकोज मोकळं करून रक्तात सोडणारं एन्झाइम स्नायूत नसतं. हातातला साठा पायांच्या कामी येत नाही. तिशीच्या किलोमीटरांत पाय अचानक परक्याचे वाटायला लागतात, त्याला धावणारे 'भिंत लागली' म्हणतात. पेडर रोडच्या चढावर ती लागली तर काय होतं, ते मुंबई धावलेल्या कुणालाही विचारा.

भिंतीचा अभ्यास कसा होत गेला ही गोष्ट पद्धतीच्या दृष्टीने फार मजेशीर आहे. १९२४ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी शर्यत संपवलेल्या धावपटूंच्या रक्तातली साखर मोजली. जे कोसळल्यासारखे झाले होते त्यांची साखर खाली गेलेली होती. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आधी कर्बोदकं आणि वाटेत गोळ्या-चॉकलेट खायला लावलं, आणि स्थिती सुधारलेली दिसली. निष्कर्ष पुढे टिकला. पण आज हा आराखडा घेऊन समितीपुढे गेलात तर पहिला प्रश्न येईल: नियंत्रण गट कुठे आहे? दोन वर्षांत हवा बदलली असेल, माणसं अनुभवी झाली असतील.

आता १९६६. स्वीडनचे योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. मध्ये एकच सायकल, दोन बाजूंना दोघे, आणि प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारायचं. दुसरा पाय आरामात. नंतर तीन दिवस भरपूर कर्बोदकं, आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे सुईने काढलेले नमुने. व्यायाम झालेल्या पायात ग्लायकोजेन दुसऱ्याच्या दुपटीच्या आसपास पोचलं. माणसं दोनच, पण आहार तोच, झोप तीच, जनुकं तीच, रक्त तेच. फरक फक्त व्यायामाचा. नियंत्रण गट म्हणून माणसाचा दुसरा पाय! 'सॅम्पल साइज किती घेऊ?' हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी हा पेपर देते. संख्या वाढवण्याआधी तुलना कशाची करताय ते ठरवा.

आणि २०१० मध्ये बेंजामिन रॅपोपोर्ट यांनी टाकीचं गणित मांडलं: व्हीओटू मॅक्स, पायांच्या स्नायूंचं प्रमाण आणि वेग दिला की भिंत कुठे लागेल आणि वाटेत किती कर्बोदकं घ्यावी लागतील याचा अंदाज. ते स्वतः मॅरेथॉन धावत आणि तेव्हा हार्वर्ड-एमआयटीमध्ये विद्यार्थीच होते. आपल्यासारखेच, फक्त मेसचं जेवण बहुधा बरं.

पाण्याबद्दल थांबून

जेलचं सांगितलं की लोक पाण्याचंही विचारतात, आणि इथे चुकीचं कारण सांगणं धोक्याचं आहे. 'प्रत्येक स्टेशनला पाणी प्या, तहान लागायची वाट बघू नका' हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या रक्ताचा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यांतल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम कमी झालेलं होतं, तिघांचं तर जिवावर बेतेल इतकं. कशाशी संबंध दिसला? शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी, म्हणजे घामापेक्षा जास्त पिण्याशी, आणि चार तासांपेक्षा जास्त वेळ लागण्याशी. वेगवान लोकांना प्यायला फुरसतच नसते. धोका आपल्यासारख्या निवांत गटाला आहे. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात, म्हणून कुणीतरी प्रेमाने आणखी एक बाटली हातात देतं. तहानेनुसार प्या, आणि असं काही वाटलं तर थांबून वैद्यकीय तंबू गाठा. पीबी पुढच्या वर्षीही करता येतो.

बूट

आता तो प्रश्न. २०१८ चा गाजलेला अभ्यास सांगतो की नव्या प्रकारच्या बुटांत ऊर्जेचा खर्च सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला. जाहिरातीत एवढंच येतं. पद्धत-विभाग उघडा. १८ धावपटू, सगळे पुरुष, सगळे दहा किलोमीटर ३१ मिनिटांच्या आत धावू शकणारे. चाचणीचे वेग ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर. माझा मॅरेथॉनचा वेग ताशी १०.६. म्हणजे त्यांचा सर्वांत कमी वेगसुद्धा माझ्या आवाक्याबाहेर! तो अभ्यास चुकीचा नाही, उलट चांगला आहे. पण तो माझ्याबद्दल नाही. संशोधनाला पैसा बूट बनवणाऱ्या कंपनीचा होता हेही तिथेच लिहिलेलं आहे. त्याने निकाल खोटा ठरत नाही, फक्त स्वतंत्र पुनरावृत्ती शोधायची जबाबदारी आपल्यावर येते. शिवाय ४ टक्के ऊर्जा म्हणजे ४ टक्के वेळ नव्हे.

२०२३ मध्ये आणखी एक अभ्यास आला: जागतिक दर्जाचे सात केनियन आणि सात हौशी युरोपीय धावपटू. केनियन गटात कुणाला अशा बुटांनी ११.४ टक्के फायदा, तर कुणाला ११.३ टक्के तोटा. सरासरी एक गोष्ट सांगते आणि माणसं दुसरी.

मी स्वतःवर करून पाहिलं. आठ दिवस, तोच दहा किलोमीटरचा रस्ता, तीच पहाटेची वेळ, हृदयाचे ठोके एका पट्ट्यात ठेवून. कुठले बूट घालायचे ते आदल्या रात्री नाणं उडवून ठरवायचं. नव्या बुटांत किलोमीटरला सरासरी सहा सेकंद कमी लागले. पण त्याच बुटांत दोन वेगवेगळ्या दिवसांमधला फरक पंधरा सेकंदांपर्यंत जात होता. शिवाय पायात काय आहे हे मला माहीत असतंच, त्यामुळे ब्लाइंडिंग शक्य नाही. तेव्हा ज्युनिअरला उत्तर: 'मला सांगता येत नाही.' हे उत्तर तिला आवडलं नाही. अनेकदा अनवाणी धावणाऱ्या शिवनाथ सिंग यांनी १९७८ मध्ये जालंधरला नोंदवलेला २:१२:०० हा राष्ट्रीय विक्रम चार दशकांहून जास्त टिकला, हे मात्र तिला आवडलं. तो पुरावा नाही, किस्सा आहे, हेही मी सांगितलं.

हवामानाचं थोडक्यात सांगते. २००१ ते २०१० मधल्या सहा मोठ्या मॅरेथॉनमधल्या सुमारे १८ लाख धावपटूंच्या नोंदी घेतलेल्या अभ्यासात, धावपटूच्या पातळीनुसार सर्वोत्तम तापमान साधारण ४ ते १० अंशांच्या दरम्यान निघालं. मुंबईच्या जानेवारीत ते स्वप्नच. दुसऱ्या एका अभ्यासात उष्णतेचा फटका हळू धावणाऱ्यांना जास्त बसलेला दिसतो. आता विचार करा: ते हळू आहेत म्हणून, की ते जास्त वेळ, ऊन वर आल्यावरही रस्त्यावर असतात म्हणून? हा प्रश्न वेगळा कसा काढाल? एखाद्याला एमएस्सीच्या प्रकल्पाला पुरेल.

चार तासांची रेघ

माझी वेळ ४:०० च्या आत दोन मिनिटं कशी काय पडली? शरीराला गोल आकडे कळत नाहीत. एरिक ॲलन, पॅट्रिशिया डेचो, डेव्हिन पोप आणि जॉर्ज वू यांनी जवळजवळ ९८ लाख मॅरेथॉन-वेळा एकत्र केल्या; अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळांच्या आलेखात ३:००, ३:३०, ४:०० च्या जरा अलीकडे उंच टेकड्या आणि लगेच पलीकडे कडा तुटल्यासारखी घसरण दिसते. हवामान किंवा बुटांनी असं होऊ शकत नाही. लोक एक रेघ मनात धरतात, ती चुकणं त्यांना 'तोटा' वाटतं, आणि शेवटच्या टप्प्यात जे उरलंय ते ओततात. मीही चाळिसाव्या किलोमीटरला घड्याळ बघून नेमकं हेच केलं. म्हणजे माझ्या ३:५८ मध्ये काही मिनिटं त्या रेघेची आहेत, आणि ती प्रशिक्षणाच्या खात्यात टाकणं बरोबर नाही.

या विदेत एक पोकळीही आहे. त्यात फक्त शर्यत पूर्ण केलेले लोक आहेत. तिसाव्या किलोमीटरला बसलेला माणूस या आलेखात कुठेच नाही. त्यामुळे 'आक्रमक सुरुवात करणाऱ्यांच्या वेळा चांगल्या असतात' असा निष्कर्ष कुणी काढला, तर आधी विचारा, आक्रमक सुरुवात करून घरी गेलेले मोजलेत का? एरवी अशा विदेचं कौतुक हे की ती उघड्यावर पडलेली असते. निकाल वेबसाइटवर असतात. प्रयोगशाळा नको, केमिकल नको, एक लॅपटॉप आणि धीर पुरतो. १४ मॅरेथॉनमधल्या सुमारे ९२ हजार नोंदींवरून असंच दिसलं की दुसऱ्या अर्ध्यात पुरुष सरासरी १५.६ टक्क्यांनी मंदावतात आणि स्त्रिया ११.७ टक्क्यांनी. का, यावर अजून वाद आहे. शरीरशास्त्र की सुरुवातीचा अतिआत्मविश्वास? माझं मत सांगत नाही, लॅबमध्ये बसायचं आहे मला.

सगळं जमेला धरून माझा अंदाज असा: मोठा वाटा वाढलेल्या किलोमीटरांचा आणि रविवारच्या लांब धावण्यांचा, त्यानंतर थंड पहाट आणि जेल, मग पेसर आणि ती रेघ. बुटांना शेवटी ठेवते. हा अंदाज आहे, निष्कर्ष नाही, कारण पाचही गोष्टी एकत्र बदलल्या आणि माझ्याकडे दुसरा पाय म्हणावा असा नियंत्रण गट नव्हता.

अंदाजाची परीक्षा मात्र घेता येते. पीट रिगेल यांचं जुनं सूत्र आहे: अंतर दुप्पट झालं तर वेळेला २ च्या १.०६ व्या घाताने, म्हणजे सुमारे २.०८५ ने गुणायचं. माझी अर्धमॅरेथॉन १ तास ५० मिनिटांची, म्हणून सूत्र ३:४९ देतं. मी त्याहून नऊ मिनिटं मागे आहे. यात मी एकटी नाही: २०१६ च्या एका अभ्यासात हौशी धावपटूंपैकी निम्म्यांना या सूत्राने दिलेला मॅरेथॉनचा अंदाज किमान दहा मिनिटांनी जास्त आशावादी निघाला.

पुढच्या जानेवारीत पुन्हा धावणार आहे. प्रशिक्षण यंदाइतकंच, जेल तसंच, बूट जुने साधे, पेसर नाही, मनगटावर घड्याळ नाही. माझा अंदाज ३:५९ ते ४:१२. हे लिहून, तारीख टाकून लॅबमधल्या एका सहकाऱ्याला ईमेल केलं आहे, म्हणजे नंतर मला आकडा हलवता येणार नाही. वेळ या पट्ट्याबाहेर गेली तर वरचा क्रम कुठे चुकला ते इथेच लिहीन.